सिरसाळ्याचा धूर

आभाळात फाटे नसतात, पाट्या नसतात, टपरीवर थांबून "अमुक गाव कुठलं हो" असं विचारावं लागत नाही. तेव्हा हेलिकॉप्टर वाट चुकेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आमच्याकडे एसटी उशिरा येते, वीज उशिरा येते, नळाला पाणी तर मनात येईल तेव्हा येतं. निदान वरून येणारी वस्तू तरी नेमकी ठरल्या जागी उतरेल, अशी माझी समजूत होती.

त्या हिवाळ्यात, निवडणुकीच्या धामधुमीत, तेलगावला साहेबांची सभा ठरली आणि हेलिपॅडसाठी आमचं रान घेतलं. साहेब म्हणजे आमच्या भागातून निघून पार वरपर्यंत गेलेले पुढारी. रान सडकेला लागून, सपाट, वरून विजेची तार गेलेली नाही, म्हणून पसंत पडलं. खरं तर पसंत पडावं म्हणून आण्णांनी ते मोकळंच ठेवलं होतं. माझा भाऊ गहू पेरायचा म्हणून दिवाळीपासून मागे लागला होता, पण आण्णा, म्हणजे आमचे वडील, मान हलवायचे. मग पेरणीचे दिवस निघून गेले आणि भाऊ आठवडाभर घुश्शात होता.

आण्णांना लकवा झाला होता. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. एकेक शब्द ते विहिरीतून पोहरा काढावा तसा ओढून काढत आणि निम्मा सांडून जाई. माझ्यासारख्या घायकुत्या बाईला ते ऐकणं म्हणजे शिक्षाच होती. मी अंबाजोगाईला शाळेत शिकवते. पोरांचं वाक्य अर्धं झालं की पुढचं मीच बोलून टाकते. आण्णांसमोर तसं केलं की ते गप्प बसत आणि खुर्चीचा हात डाव्या मुठीत दाबत, सोडत, पुन्हा दाबत. ती मूठ दिवसभर चाललेली असायची. डॉक्टर म्हणाले, असू द्या, व्यायाम होतो.

साहेबांच्या पहिल्या निवडणुकीत त्यांना कुणी जीप दिली नव्हती, पैसा नव्हता, माणसं नव्हती. आण्णांकडे एक फटफटी होती. पुढे आण्णा आणि मागे खांद्याला झोळी अडकवून साहेब, अशी दोघांनी ती सगळी निवडणूक काढली. धारूरचा घाट, वडवणीकडची खडी, परळीकडची काळी माती, सगळीकडे ते त्या फटफटीवरून फिरले. साहेब त्यांना नावाने हाक मारत नसत, बाकीच्यांसारखं आण्णाही म्हणत नसत. ते म्हणायचे, "डायवर". "चला डायवर." "डायवर, भाकरी कुठं खायाची?" मी लहान होते, पण आमच्या ओसरीवरून आलेली ती हाक मला अजून ऐकू येते. पुढे साहेबांना गाड्या मिळाल्या, त्या गाड्यांना ड्रायव्हर मिळाले आणि आण्णा तेलगावात राहिले. त्यांनी कधी काही मागितलं नाही. गावाला ते अजिबात पटत नव्हतं. एवढी ओळख असून माणूस काही मागत नाही म्हणजे नक्की काहीतरी मोठं मागणार असेल, असा गावाचा हिशेब.

सभेच्या आदल्या दिवशी साहेबांच्या सचिवाचा भावाला फोन आला. साहेबांना आण्णांच्या आजारपणाचं कळलंय. उतरल्या उतरल्या हेलिपॅडवरच भेटतील, शाल आणलीय, आण्णांना तिथेच बसवून ठेवा. भावाने हे सांगितलं तेव्हा आण्णांची मूठ थांबली. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि बराच वेळ घेऊन सांगितलं, "डा... डायवर म्हनल बघ."

एवढंच त्यांना हवं होतं. गावाला खोटं वाटो, पण मी त्यांची लेक आहे, मला माहीत आहे. आजारपणात त्यांना सगळे हाक मारत, पण आजाऱ्याला मारतात तशी, जरा मोठ्याने आणि जरा लाडाने. त्यांना एकदा कुणीतरी फटफटीवरच्या माणसाला मारतात तशी हाक मारायला हवी होती.

सभेच्या दिवशी दुपारी भावाने त्यांना पांढरं धोतर नेसवलं, पांढरा फेटा बांधला. फेटा पसंत पडेना. सोडायला लावला, पुन्हा बांधायला लावला. भाऊ वैतागून म्हणाला, "आण्णा, लगीन हाय का तुमचं?" तेव्हा ते हसले, वाकड्या तोंडाने, आणि मग त्या फेट्याला कबूल झाले. खुर्चीसकट उचलून आम्ही त्यांना रानात नेलं.

रान ओळखू येत नव्हतं. धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारलेलं, चुन्याच्या फक्कीने मोठा गोल आखून मध्ये 'एच' काढलेला, चारी बाजूंनी दोरी बांधलेली. आगीचा बंब आलेला, अँब्युलन्स आलेली. एका कोपऱ्यात उसाच्या पाचटाचा ढीग, त्यावर ओला पाला टाकलेला. आवाज आला की तो पेटवायचा, म्हणजे पायलटला धुरावरून जागाही सापडते आणि वाराही कळतो. पेटवायचं काम भावाकडे होतं. सकाळपासून काडेपेटी खिशात घालून तो असा फिरत होता की हेलिकॉप्टर तोच चालवणार आहे.

वाट बघणं मला जमत नाही. मी दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. आण्णांना पाणी विचारलं, ऊन लागतं का विचारलं, फेटा सारखा केला, उगाचच बंबवाल्याला त्याचं गाव विचारलं. वेळ टळून गेली होती. परळीची सभा लांबली, असं पोलीस एकमेकांना सांगत होते. अंधार पडल्यावर या हेलिकॉप्टरला उडता येत नाही म्हणे, म्हणजे साहेबांना सूर्य बुडायच्या आत निघायलाच हवं. मी सूर्याकडे बघत होते आणि त्याचा राग येत होता. आण्णा मात्र परळीच्या बाजूला तोंड करून बसले होते आणि त्यांची मूठ चालली होती.

मग आवाज आला. आधी लोकांना आला, मग मला. भावाने काडी ओढली, विझली, दुसरी ओढली. पाचट धुमसायला लागलं. लांब आभाळात ठिपका दिसला तशी सगळ्या रानाने एकदम मान वर केली. मी आण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. ठिपका मोठा होईल म्हणून आम्ही बघत होतो, तर तो मोठा झालाच नाही. तो तिकडेच, चढाच्या पलीकडे, हळूहळू खाली गेला. आवाज थांबला.

बंबवाला उठून उभा राहिला. मला वाटलं, कोसळलं. पोलिसांचे फोन एकदम वाजायला लागले. मग एक हवालदार कानाचा फोन बाजूला करून म्हणाला, "सिरसाळ्यात उतरलंय की बे ते."

एकदम हशा पिकला. सिरसाळा आमच्याच रस्त्यावर, परळीहून येताना आमच्या आधी लागतं. गेल्या आठवड्यात तिथे दुसऱ्या पक्षाची सभा झाली होती. त्यांचा फक्कीचा 'एच' कुणी पुसला नव्हता. पाऊस नाही, वारं नाही, कोण कशाला पुसायला जातंय. लोकांना तर सणच झाला. "साहेब पक्ष बदलत्यात काय?" असं कुणीतरी मागून म्हणालं. मला हसू येईना. आण्णा म्हणाले, "येतंय. येतंय."

आणि आलं. काही वेळाने पुन्हा आवाज झाला, या वेळी ठिपका मोठा होत गेला, डोक्यावर आला आणि गोलात उतरला. टँकरभर पाणी मारूनही धूळ उठलीच. आण्णांचा फेटा सुटला, मी पळत त्याचं टोक धरलं आणि डोळे चोळत उभी राहिले. पंख्याचा वेग कमी होतोय तोवर साहेब खाली उतरलेही. घाई दिसत होती. पोलीस, पुढारी, हारवाले, सगळ्यांचं कोंडाळं त्यांना घेऊन आमच्या दिशेने आलं. आण्णा डाव्या हाताने खुर्चीला रेटून उठायला बघत होते. साहेब हाताच्या अंतरावर आले. त्यांनी सगळ्यांना मिळून हात जोडले. त्यांची नजर आण्णांवर आली, माझ्यावर आली, माझ्या हातातल्या फेट्यावर आली आणि पुढे गेली. ते गाडीत बसले.

"साहेब, आण्णा हायेत हिथं," मी ओरडले. सचिवाने वळून माझ्याकडे पाहिलं आणि चालता चालता म्हणाला, "झाली ना भेट मघाशी."

कोणती भेट? कुणाची? मी तिथेच उभी. सभेचा मांडव सडकेपलीकडे होता, कर्णे आमच्या रानापर्यंत ऐकू येत. थोड्या वेळाने कर्ण्यातून साहेबांचा आवाज आला. जुने दिवस आठवत होते. पहिली निवडणूक, फटफटी, घाट. "आणि आज उतरल्या उतरल्या माझे जुने सहकारी आण्णा भेटले. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना मिठी मारली." टाळ्या पडल्या. रानात मागे राहिलेली सगळी माणसं वळून आमच्याकडे बघायला लागली. बंबवाला जवळ येऊन म्हणाला, "लई भाग्यवान हाव आण्णा तुमी." आण्णा त्याच्याकडे बघत राहिले. मी एवढी चिडले होते की मला बोलता येईना, म्हणजे आमच्या घरात त्या घडीला दोघांचीही जीभ जड होती.

चहाची किटली घेऊन मी सरळ दोरीखालून हेलिकॉप्टरकडे गेले. रान आमचं, चहा आमचा, पोलिसांनी अडवलं नाही. पायलट चाकाशी उकिडवा बसला होता. वय भावाएवढं, डोळे झोपेला आलेले. मी कप हातात दिला आणि म्हटलं, "एवढं मोठं तेलगाव तुम्हाला दिसलं नाही का?"

त्याने शांतपणे घोट घेतला. "मॅडम, यंत्र जवळपास आणून सोडतं. पुढचं डोळ्यांनीच बघावं लागतं. मला सांगितलं होतं, रस्त्याच्या कडेला 'एच' असेल, धूर असेल. खाली 'एच' दिसला. धूर दिसला. माणसं पळत येताना दिसली. आणखी काय बघायचं असतं?"

धूर कसला होता, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. ऊस कारखान्याला गेला की आमच्याकडे रानातलं पाचट पेटवून देतात. या दिवसांत वरून बघितलं तर तालुकाभर कुणी ना कुणी साहेबांची वाट बघतंय असंच दिसणार. तो हसला नाही. कप परत देताना म्हणाला, "माझी चौकशी होईल." आले होते भांडायला आणि त्याला दुसरा कप ओतून दिला.

सूर्य टेकायच्या आत साहेब तसेच घाईने आले, तसेच गेले. पुन्हा धूळ, पुन्हा फेटा. आण्णांना खुर्चीसकट घरी आणत होतो तेव्हा भावाच्या फोनवर व्हिडिओ आला. सिरसाळ्यात कुणीतरी काढलेला. पांढरं धोतर, पांढरा फेटा, आण्णांच्याच वयाचा आणि बांध्याचा एक म्हातारा, हातात लिंबाची हिरवी फांदी घेऊन हेलिकॉप्टरकडे धावत येतोय. साहेब दोन्ही हात पसरून पुढे होतात, त्याला मिठी मारतात, त्याच्या खांद्यावर शाल घालतात. म्हाताऱ्याची फांदी साहेबांच्या पाठीमागे हवेत तशीच.

"कुनाला धरलं हे?" भाऊ म्हणाला. त्याला तो व्हिडिओ गावभर पाठवायचा होता, सचिवाला फोन करायचा होता, साहेबांची अब्रू काढायची होती. मी त्याच्या दोन पावलं पुढे होते. मला थेट सभेच्या मांडवात जाऊन माइक घ्यायचा होता, पण मांडव तोवर सोडून झाला होता. आण्णांनी फोन मागितला. पाहिला. पुन्हा लावायला सांगितला. मग बोट वर करून खूण केली, आवाज वाढव.

आवाज वाढवला तर नुसता पंखा. साहेबांचे ओठ हलताना दिसत, ते काहीतरी म्हणत होते, पण पंख्याच्या घरघरीत शब्द बुडून गेला होता. आण्णांनी फोन कानाला लावला. ते काय शोधताहेत हे माझ्या लक्षात आलं आणि रडू कोसळेल म्हणून मी आत जाऊन चूल पेटवत बसले. गॅस असताना.

पुढचे दिवस वाईट गेले. ते जेवायचे, गोळ्या घ्यायचे, पण मध्येच विचारायचे, "काय म्हनला?" मी म्हणायचे, ऐकू येत नाही आण्णा. थोड्या वेळाने पुन्हा, "काय म्हनला आसल?" मी सुट्टी वाढवली. घरात बसवेना, बाहेर जाववेना. फोनवर असल्या चुकांबद्दल मिळेल ते वाचत सुटले. मोठाली प्रवासी विमानंसुद्धा अशी भलत्याच विमानतळावर उतरलेली आहेत, तीही धुक्यात नव्हे, चांगल्या स्वच्छ हवेत. पुढे धावपट्टी दिसते, आपल्याला हवी तशीच असते, मग तीच आपली असं डोळे ठरवून टाकतात आणि उलट सांगणारी एकही खूण त्यांना दिसत नाही. हे वाचून पायलटवरचा माझा राग गेला. साहेबांवरचा वाढला. पायलट आमच्या भागात कधी आला नव्हता. साहेब आण्णांच्या पाठीला टेकून हा सगळा भाग फिरले होते. गाव चुकलेलं कळल्यावरही माणूस चुकला असेल, हे त्यांच्या मनात आलं नाही.

मग एका सकाळी आमच्या दारात तो म्हातारा उभा राहिला. फेट्यावरून मी लगेच ओळखलं. एसटीने आला होता, बगलेत पिशवी. चपला काढून ओसरीवर बसला, पाणी प्याला, मग पिशवीतून शाल काढून आण्णांच्या मांडीजवळ ठेवली.

"तुमची वस्तू माझ्याकडं ऱ्हायली," तो म्हणाला. "लोकायनी सांगितलं, भाषनात तुमचं नाव घेतलं म्हून. तवा कळलं का ही तुमची हाय."

मी जरा तिखटच विचारलं, "मग तवाच सांगायचं न्हाई का, मी न्हवं म्हून?"

"कसं सांगावं बाई? मी पाचट पेटवलतं. शेजारच्याचा ऊस हुबा. त्यात हे वरून आलं, त्या वाऱ्यानं इस्तू उडाया लागला. आग झोडायची फांदी तशीच हातात घिऊन मी तर पळालतो भांडाया, का हे उचला हितून. तर तेच गळ्यात पडले." त्याने शालीची घडी सारखी केली. "एवढा मोठा मानूस गळ्यात पडून रडतोय म्हनल्यावर त्याला मी कोन न्हाई हे काहून सांगावं?"

मला हसू आलं आणि राग तसाच राहिला. आण्णांना हसू आलं नाही. त्यांनी शालीकडे पाहिलंही नाही. त्या माणसाकडे वाकून, पोहरा ओढत, त्यांनी विचारलं, "हा... हाक काय मारली?"

त्याला नीट कळलं नाही. मी सांगितलं, साहेबांनी तुम्हाला काय म्हणून हाक मारली ते विचारतात.

"आण्णा म्हनले. 'आण्णा, आलो बघा.' दोन डाव म्हनले."

"अजून?"

"अजून काय न्हाई. मंग पोलीस आले, गाव चुकलं म्हनले, चढले आन् गेले."

आण्णा मागे टेकले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला होता. शाल त्यांनी डाव्या हाताने हळूहळू त्या माणसाकडे सरकवली आणि आजारपणात कधी बोलले नव्हते एवढं लांब वाक्य एका दमात बोलले.

"तुमचीच हाय. माझी आसती तर डायवर म्हनला आसता."

त्या माणसाला काही उलगडेना. मग मी सांगितलं. फटफटी, झोळी, घाट, ओसरीवरची हाक, सगळं सांगितलं, रागाने, भरभर, मध्ये श्वास न घेता. भावाने चहा आणला. तो माणूस बशीत ओतून प्याला आणि आण्णांना म्हणाला, "लई चालवली म्हना की फटफटी." आण्णा म्हणाले, "लई." मग दोघं उसावर बोलले, म्हणजे तो बोलला. शेजाऱ्याचा ऊस वाचला होता, एक सरी तेवढी होरपळली. एसटीची वेळ झाली तशी तो उठला. शाल घ्यायला नको म्हणत होता. आण्णांनी डोळे वटारले तेव्हा घेतली आणि खांद्यावर टाकली.

पायऱ्या उतरून त्याने चपला घातल्या. फाटकाशी गेला, कडी काढली आणि वळून, चांगल्या मोकळ्या आवाजात, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर मारतात तशी हाक मारली.

"येतो मंग, डायवर."

आण्णांनी खुर्चीचा हात डाव्या मुठीत दाबून धरला आणि डावा पाय हळूच खाली रेटला, क्लच दाबून पहिला गिअर टाकतात तसा.